आधी बोटानं, मग पाना

माझे सासरे एखादा नट पिळायला बसले, की मला त्या नटाची दया यायची. आधी पाना बसवायचे, मग पान्याला हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवायचे, एक पाय गाडीच्या बंपरला टेकवायचे आणि श्वास रोखून असा हिसका द्यायचे की नट अक्षरशः कुरकुरायचा. आपल्याला वाटावं, झालं. पण ते कपाळावरचा घाम पुसून म्हणायचे, "अजून एक आटा घेतोय बघ." आणि घ्यायचेच. त्या शेवटच्या एका आट्यानं आमच्या घरात जे काय केलं, ते सांगायला मी बसले आहे.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा कराडजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होते, उसाचा रस काढणाऱ्या मिलवर. गावात त्यांना दत्तू फिटर म्हणत. मिलचा एकेक रूळ बैलाएवढा, त्याचे बोल्ट माणसाच्या मनगटाएवढे. हंगाम एकदा सुरू झाला की मिल महिनोन्‌महिने फिरत राहणार, त्यामुळे ऑफ सीझनला जे आवळायचं ते असं आवळायचं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघायला लागू नये. तीसेक वर्षं हाताला तीच सवय. "ढिलं ठिवलं की सुटतंय," हे त्यांचं ब्रीदवाक्य. नटाबद्दल, म्हशीच्या दाव्याबद्दल, पोराच्या शिस्तीबद्दल, निवडून दिलेल्या मेंबराबद्दल, सगळ्याला तेच एक माप.

घरात तर त्यांच्या हाताची दहशत होती. त्यांनी बंद केलेला नळ सकाळी कुणाला उघडायचा नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं असेल, तर ते जेवायला बसेपर्यंत लोणचं नाही. आत्या हाक मारायच्या, "आवं, या, तुमचं कुलूप उघडा." मामा यायचे, एका हिसक्यात झाकण काढायचे आणि जेवण झाल्यावर पुन्हा तेवढंच घट्ट लावून ठेवायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कराडच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली. हौस त्यांची नव्हती, आत्यांची होती. आत्यांचं माहेर मिरजेच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेजवळ. लग्न झाल्यापासून भाऊबीजेला त्या एसटीनं गेल्या, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन, कधी उभ्यानं. "एकदा घरच्या गाडीतनं वसंताच्या दारात उतरायचंय मला," एवढंच त्या म्हणायच्या. वसंतमामा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो त्यांना अक्का म्हणायचा. गाडी घेतल्याचं कळल्यावर त्यानं फोन करून विचारलं की गाडीच्या चाकापासून चाकापर्यंत अंतर किती. त्याच्या घरापुढं गटार होतं, त्यावरून गाडी आत यायला नको का? मामांनी सुतळी धरून माप घेतलं, गाठ मारली आणि सुतळीच पाठवून दिली. वसंतमामानं त्या मापानं गटारावर दोन जाड दगडी फरशा टाकल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या फरशांची कहाणी घरात जुनी झाली होती, आणि गाडी अजून त्यांच्यावर चढली नव्हती.

मी सांगलीची. कराडच्या शाळेत मराठी शिकवते. नवरा, महेश, शिरवळला एका कारखान्यात आहे आणि शनिवारी घरी येतो. त्यामुळे आठवडाभर घरात मी, मामा, आत्या आणि ती गाडी. नव्या सुनेला कुणी साडी देतं, कुणी सोन्याचा डाग करतं. मामांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, "चल, जरा उजेड धर."

ज्यांनी कधी दुरुस्ती करणाऱ्या माणसाला टॉर्च धरलेला नाही, त्यांना हे कळायचं नाही. ते काम नाही, ती शिक्षा आहे. भर दुपारीसुद्धा बॉनेटखाली अंधार असतो. त्या अंधारात मामांचा हात जाणार, हाताची सावली नटावर पडणार आणि बोलणी मला. "माझ्या हातावर काय उजेड पाडतीस? हात मला म्हाईत हाय. नटावर पाड." मी नटावर पाडला की त्यांचं डोकं मध्ये. मी दुसऱ्या बाजूला गेले की, "हलू नगो." माझ्या आधी हे काम महेशकडे होतं. वयाच्या सातव्या वर्षापासून त्यानं विहिरीवरच्या मोटरीला, स्कूटरला, पिठाच्या गिरणीला टॉर्च धरला होता, आणि प्रत्येक वेळी टाळक्यात टपली खाल्ली होती. कॉलेजला गेल्यावर एक दिवस त्यानं टॉर्च खाली ठेवला तो ठेवलाच. "तू धरतीस ते धर," तो मला म्हणाला, "मला मात्र सांगू नको."

जुनी गाडी घरी दुरुस्त करण्यात एक नियम असतो, तो मी टॉर्च धरून धरून शिकले. एक दुरुस्त होतं, त्या नादात दुसरं मोडतं. वायपर चालू झाले त्या दिवशी हॉर्न गेला. हॉर्न आला तो असा आला, की डावीकडं वळताना आपोआप वाजायचा, आणि आमच्या गल्लीतल्या म्हशींना तो ओळखीचा झाला. पुढचा एक दिवा बदलायचा म्हणून आधी चार वस्तू सोडवायच्या, त्यातली तिसरी गंजलेली. दहा नंबरचा पाना नेमका लागेल तेव्हाच हरवलेला. आणि बोल्ट हातातून निसटला तर तो जमिनीवर कधीच पोचत नाही. टण् टण् असा दोनदा वाजतो आणि गाडीच्या पोटात कुठंतरी मुक्काम करतो. मग मामा गाडीखाली आडवे, मी वर टॉर्च घेऊन, आणि आत्या ओसरीतून विचारायच्या, "सापडला का गं त्यो?" जसा काही पाहुणाच हरवलाय.

गॅरेज हा शब्द मात्र काढायचा नाही. "आख्खी मिल खोलून जोडलीय मी," मामा म्हणायचे. "ही काडेपेटी माझं ऐकणार न्हाई व्हय?"

काडेपेटी खरंच ऐकत नव्हती. मिलचं लोखंड त्यांचा जोर पचवायचं. गाडीतले निम्मे भाग ॲल्युमिनियमचे, तिथं तो जोर लागला की आटे कातरून जायचे, बोल्ट गोल गोल फिरत राहायचा, ना घट्ट होत ना निघत. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण डोक्याला कळलेलं हाताला कोण सांगणार?

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला गाडी निघाली. मी, आत्या, मामा. आत्या पुढच्या सीटवर, मांडीवर ओवाळणीचं ताट, त्यावर रुमाल. पेठनाक्याच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ यायला लागली. रबरी पायपाची पट्टी मामांनी आदल्या दिवशी आवळली होती, ती पायपात रुतून पाइपच कापला गेला होता. तासभर खटपट झाली. शेवटी आत्या ताट घेऊन उतरल्या, आम्ही दोघी नाक्यापर्यंत चालत गेलो आणि सांगलीची एसटी धरली. कंडक्टरनं ताट बघून त्यांना पुढची जागा दिली. आत्या खिडकीतून मागं बघत होत्या. "जेवलं न्हाईत ते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या भाऊबीजेच्या आदल्या दिवशी नवा प्लग बसवताना चिनी मातीचा भाग तडकला आणि आटेही गेले. आत्या सकाळच्या एसटीनं गेल्या. त्या दिवाळीत महेशनं वडिलांसाठी एक पाना आणला होता. त्याचं कारखान्यातलं कामच ते होतं, बोल्ट किती आवळला हे तपासायचं. त्या पान्यावर हवा तेवढा जोर लावून ठेवायचा, आणि तेवढा झाला की पाना टक् असा वाजतो. म्हणजे बास. मामांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "म्हंजे माणसानं केवढं आवळायचं ते पाना सांगणार?" त्यांनी तो डब्यासकट खुंटीला अडकवला. वापरला कधी नाही, पण खंडेनवमीला बाकीच्या पान्यांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळालं. हत्याराचा अपमान त्यांच्या हातून होत नसे.

मी एकदा वैतागून आत्यांना म्हणाले, "मामांना एवढं घट्ट का लागतं हो सगळं?" आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सांगितलं की महेश लहान असताना मिलवरचा एक बोल्ट सुटला आणि हणमंत नावाच्या जोडीदाराची तीन बोटं गेली. त्या बोल्टाला शेवटचा पाना मामांनी लावलेला होता. कुणी त्यांना दोष दिला नाही. हणमंतानंही नाही. "पर तवापासनं हे असं झालंय," आत्या म्हणाल्या. "बरनीचं झाकान लावतानाबी ह्यांच्या डोळ्यापुढं हणमाच असतोय." त्यानंतर महिनाभर मी टॉर्च न कुरकुरता धरला. मग पुन्हा कुरकुरायला लागले, कारण मामांचं ओरडणं काही कमी झालं नव्हतं.

तिसरी भाऊबीज मला आठवू नये असं वाटतं. महेशनं या वेळी कुणाला न विचारता भाड्याची गाडी सांगितली होती. ती सकाळी दारात येऊन उभी राहिली. मामा आपल्या गाडीखाली होते. आदल्या दिवशी ऑइल बदलताना इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचा बोल्ट त्यांनी पाइप लावून आवळला आणि आटे गेले होते. ऑइल थेंब थेंब गळत होतं. त्यांनी बोल्टाला ताग गुंडाळून वर सफेदा फासला, जसा कारखान्यात वाफेच्या लाइनला लावतात तसा. वाफेच्या लाइनला ते चालतं. तापलेल्या इंजिनच्या ऑइलपुढं तागाचं काय चालणार? पण मामा गाडीखालून बाहेर आले, काळे हात तसेच घेऊन भाड्याच्या गाडीपाशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जावा तुमी. घरची गाडी दारात असताना भाड्याची कशाला?" महेश काही बोलायच्या आत गाडी गेली. चार वाजेपर्यंत ऑइल गळतच होतं. आत्या पुन्हा एसटीनं गेल्या, पोचेपर्यंत दिवेलागण झाली. वसंतमामा फाट्यावर घ्यायला आला होता.

त्या पौषात आत्या गेल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर महेश मामांच्या समोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "आई शेवटपर्यंत एसटीनंच गेली, दादा."  त्यानंतर त्या दोघांचं बोलणं माझ्यामार्फत व्हायला लागलं. "दादांना विचार, औषध घेतलं का." "त्येला म्हणावं, घेतलं." दोघं एकाच खोलीत बसून मला निरोप द्यायचे. वर्गात पन्नास पोरं सांभाळणारी मी, पण या दोघांपुढं हरले. मी मामांवर चिडलेलीही होते, हे लपवत नाही. आत्यांच्या त्या एका इच्छेसाठी कुणाची तरी गाडी, कसलीही गाडी चालली असती.

पुढची दिवाळी आली. घरात वर्षभर सण नव्हता, त्यामुळे फराळ नाही, आकाशकंदील नाही. गाडीच्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतलेली होती, तीही डिसेंबरात संपणार होती. महेशचं म्हणणं, आता भंगारात द्यायची. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "त्येला म्हणावं, दे. पर त्याआधी ही भाऊबीज हाय. तिच्यासाठनं वसंतानं फरशा टाकल्यात्या. एकदा त्यावर गाडी उभी करायची आन् मग काय करायचं ते करा." महेश ऐकत होता. तो उठून बाहेर गेला. हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

चेंबर नवं लागणार होतं. कराडातल्या दुकानदारानं हात जोडले, या गाडीचं सामान आता येत नाही म्हणाला. सांगलीच्या जुन्या बाजारात मिळालं. मी माहेरी गेले होते, येताना ते वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "परात हाय व्हय?" मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत ड्रेसवर त्या परातीचा काळा नकाशा उमटला होता, तो अजून गेलेला नाही.

पाडव्याच्या सकाळी मामा चेंबर बसवायला गाडीखाली गेले. मी टॉर्च घेऊन शेजारी जमिनीवर आडवी. चेंबरला बारीक बारीक पंधरा-सोळा बोल्ट असतात, करंगळीपेक्षा बारीक. पाच बसले. सहाव्याला मामांनी "अजून एक आटा" म्हटलं आणि तो कट्‌कन तुटला. निम्मा हातात, निम्मा आत. मला वाटलं आता ओरडतील. पण ते पाना छातीवर ठेवून तसेच पडून राहिले. मग म्हणाले, "वैशाली, हाताला कळंना झालंय गं." टॉर्चच्या उजेडात मी त्यांचा हात बघितला. बोटांची सालटं निघालेली होती आणि हात थरथरत होता. तो किती दिवसांपासून थरथरत होता कुणास ठाऊक, कारण इतकी वर्षं माझा उजेड नटावर होता.

मला एकदम रडू आलं आणि रागही आला, दोघांचाही. मी उठले. महेश ओसरीत पेपर धरून बसला होता, वाचत नव्हता. मी टॉर्च ओसरीच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "मी आता धरणार नाही. काय करायचं ते तुम्ही दोघं बघा." आणि स्वयंपाकघरात गेले. तिथल्या खिडकीतून गाडी दिसते, म्हणूनच गेले.

महेशनं पेपर घडी करून ठेवला. मग उठला. त्यानं टॉर्च उचलला नाही. तो आत गेला, खुंटीवरचा डबा काढून आणला आणि गाडीपाशी उकिडवा बसला. "दादा, बाहेर या," तो म्हणाला. दहा महिन्यांनी तो त्यांच्याशी थेट बोलत होता. "मी जातो खाली. तुमी टॉर्च धरा."

मामा बाहेर आले. पायरीवरून त्यांनी टॉर्च घेतला. गुडघे दुखत होते तरी जमिनीवर बसले, वाकले, आणि गाडीखाली उजेड धरला. तुटलेला बोल्ट थोडा बाहेर राहिला होता, तो महेशनं पकडीनं हळूहळू फिरवून काढला. मग बाकीचे सगळे बोल्ट परत सोडवले. "आधी सगळं बोटानं बसवून घेतो," तो म्हणाला. "बोटानं जात नसंल, तर आटा तिरका धरलाय."

"त्ये मीच शिकिवलंय तुला," मामा म्हणाले.

"व्हय. तुमीच शिकवलंय. आधी बोटानं, मग पाना."

मला खिडकीतून उजेड दिसत होता. तो बोल्टावर नव्हताच. मामांच्या हातात तो कधी चाकावर जायचा, कधी महेशच्या कानावर, कधी नुसताच जमिनीवर थरथरायचा.  लहानपणी महेशनं टॉर्च असा धरला असता तर आत्तापर्यंत दोन टपल्या बसल्या असत्या. मामांनाही ते समजलं असावं. ते म्हणाले, "दिसतंय का रं तुला? माझा हात हालतोय."

"दिसतंय," महेश म्हणाला. "धरा तसंच."

त्याला काही दिसत नव्हतं. तो बोटांनी चाचपून बोल्ट लावत होता. मग त्यानं तो पाना काढला. टक्. दुसरा बोल्ट. टक्. प्रत्येक टक् झाला की मामांची मान पुढं व्हायची. सात-आठ झाल्यावर त्यांना राहवलं नाही. "एक आटा अजून दे की."

"नको दादा. बास हाय एवढं."

"सुटायचा न्हाई न्हवं?"

"न्हाई सुटणार."

 पुढचे सगळे टक् त्यांनी गप्प बसून ऐकले.

भाऊबीजेला सकाळी आम्ही निघालो. शेजारणीनं विचारलंच की वर्ष झालं नाही अजून, सणाला कुठं निघालात. मामा म्हणाले, "सणाला न्हाई. काम हाय." गाडी ते स्वतः चालवत होते. मी पुढं बसायला गेले, तर म्हणाले, "तू मागं बस." महेशही न सांगता मागंच बसला. पुढची डावी सीट रिकामी राहिली. पेठनाक्याला मामांनी गाडी कडेला घेतली, उतरून वाकले आणि चेंबरखाली हात फिरवून आमच्याकडं तळवा केला. कोरडा. आष्ट्याला पुन्हा तेच. सांगलीत पुलाच्या अलीकडं पुन्हा तेच. डावीकडच्या प्रत्येक वळणाला हॉर्न वाजत होता.

वसंतमामा टोपी घालून दारात उभा होता. फरशांच्या फटीत गवत उगवलं होतं, पण त्या जागच्या हलल्या नव्हत्या. मामांनी गाडी सरळ केली, वेग अगदी कमी केला आणि दोन्ही चाकं दोन्ही फरशांवर घेतली. सुतळीचं माप बरोबर होतं. वसंतमामा पुढं आला आणि त्यानं डावीकडचं दार उघडलं. कुणाला उतरवून घ्यायचं ते त्याच्या हातानं ठरवून ठेवलेलं असणार, इतक्या वर्षांचं. दार उघडून तो त्या रिकाम्या सीटकडं बघत उभा राहिला. मग त्यानं दार हळूच लोटलं.

"वसंता, जरा जोरात लाव," मामा म्हणाले. "ढिलं ऱ्हातंय त्ये दार." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. आत्या गेल्या तेव्हा ते रडले नव्हते. महेश मागच्या दारानं उतरला, पुढं आला आणि वडिलांच्या खिडकीपाशी उभा राहिला. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला, मामा उतरेपर्यंत.

डिसेंबरात गाडी गेली. भंगारवाल्याच्या माणसांना सीटचे बोल्ट निघेनात. मामा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तो लोखंडी पाइप आणून दिला आणि म्हणाले, "ह्यो चढवा पान्याला. माझा हात हाय त्यो, असा निघायचा न्हाई." त्या दिवशी ते जरा खुशीत होते. महेशनंही पाइप धरायला हात लावला, आणि बोल्ट निघाल्यावर बापलेक हसले. माझं निरोप पोचवायचं काम तेव्हा बंद झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आधी गेला. सहा दिवस दवाखान्यात होते, महेश सहाही दिवस तिथंच होता. हणमंतराव भेटायला आले तेव्हा मामांनी डाव्या हातानं त्यांचा तो दोन बोटांचा हात धरून ठेवला होता, बराच वेळ.

शाळेत आता मुलं काही चुकली की माझ्या तोंडून पटकन कठोर शब्द येत नाहीत. आधी बोटानं फिरवून बघते. बहुतेक वेळा पुढं पाना लागत नाही.

मामांचे दिवस झाल्यावर मी पहिल्यांदा नीट स्वयंपाक केला. भाकरी, पिठलं, आणि कैरीचं लोणचं. बरणी मामांनीच बंद केलेली होती, दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी. मी सवयीनं पदराचा बोळा करून झाकणावर धरला, पाय रोवले, आणि महेशला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात झाकण फिरलं. एका बोटानं निघालं. हाताला कळेनासं झालं होतं म्हणून त्यांनी ते ढिलं लावलं होतं, की बास एवढं असं त्यांना वाटलं होतं, मला माहीत नाही. मी ती उघडी बरणी हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि रडत राहिले, कारण आता ती उघडायला या घरात कुणालाच हाक मारावी लागणार नव्हती.